मॅनहॅटनच्या 'डच' पूर्वजाचा माग कसा काढतात, आणि तो पूर्वज बऱ्याचदा डच का नसतो

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना जर्सी सिटीचा इंडिया स्क्वेअर माहीत असतोच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बर्गन स्क्वेअर आहे, आणि तिथे १६६० मध्ये डचांनी गाव वसवलं होतं. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले त्याच वर्षी. २०२४ मध्ये तिकडे पहिली कुटुंबं उतरल्याला ४०० वर्षं झाली, २०२६ म्हणजे मॅनहॅटन 'विकत घेतल्याला' ४०० वर्षं, त्यामुळे सध्या अमेरिकेत ज्याला त्याला आपला डच पूर्वज आठवतोय. ऑफिसातला कोणीतरी सहज म्हणतो की आमचं घराणं १६३० पासून इथलं आहे, आणि आपल्याला आपल्या खापरपणजोबांचं नाव सांगताना घाम फुटतो. तर हे लोक ४०० वर्षं मागे जातात कसे, त्यातलं खरं किती आणि हौसेचं किती, ते बघू.

आधी थोडा इतिहास, अगदी कामापुरता

डचांच्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. एक ईस्ट इंडिया कंपनी, जी आपल्याला माहितीये, वेंगुर्ल्यात जिच्या वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत ती. दुसरी वेस्ट इंडिया कंपनी, १६२१ मध्ये निघालेली, आणि अमेरिकेचा विषय हिच्याकडे. या दुसऱ्या कंपनीने १६२४ मध्ये सुमारे ३० कुटुंबं हडसन नदीच्या परिसरात पाठवली. वसाहतीचं नाव न्यू नेदरलँड, आणि तिचं मुख्य गाव न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचं खालचं टोक. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं. मधे १६७३-७४ मध्ये थोडे महिने डचांनी परत मिळवलं होतं, पण ते तेवढंच.

म्हणजे सगळा खेळ ४० वर्षांचा. पण डच भाषा आणि डच चर्च मात्र तिथे पुढे पिढ्यानपिढ्या टिकलं. अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन १७८२ मध्ये जन्मले तरी त्यांची घरातली भाषा डचच होती, इंग्रजी ते नंतर शिकले.

'डच' म्हणजे डचच असेल असं नाही

ही गोष्ट डोक्यात बसली नाही तर सगळा शोध चुकीच्या देशात जातो. १६४३ मध्ये आयझॅक जोग नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री तिथे आला होता, त्याला तिथल्या गव्हर्नरने सांगितलं की इथे १८ भाषा बोलणारे लोक आहेत. आणि गाव केवढं, तर काही शे माणसांचं!

१६२४ च्या त्या पहिल्या कुटुंबांमधलं सगळ्यात प्रसिद्ध जोडपं म्हणजे योरिस रापलये आणि कॅटालिना ट्रिको. तो व्हॅलेन्सिएनचा, ती प्रिश नावाच्या गावची, दोन्ही ठिकाणं आज फ्रान्समध्ये येतात. हे वालून, म्हणजे फ्रेंच बोलणारे प्रोटेस्टंट, धर्मासाठी पळून हॉलंडमध्ये आलेले. ॲमस्टरडॅममध्ये लग्न केलं आणि लगेच जहाजात बसले. त्यांची मुलगी सारा १६२५ मध्ये जन्मली, त्या वसाहतीत जन्मलेली पहिली युरोपियन मुलगी म्हणून तिचं नाव घेतात. एकूण ११ मुलं झाली, त्यामुळे आज यांचे वंशज लाखांत मोजले जातात. आता हे सगळे वंशज स्वतःला डच म्हणवतात आणि त्यात एक थेंबही डच नाही, निदान या जोडप्याकडून तरी.

नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, सगळीकडचे लोक कामधंद्यासाठी ॲमस्टरडॅमला येत होते आणि त्यातले काही पुढे जहाजात चढले. जवळपास निम्मी वसाहत अशीच होती.

आडनाव शोधायला जाऊ नका, कारण आडनाव नव्हतंच

बहुतेक जण वेबसाइट उघडतात आणि आडनाव टाकतात, आणि तिथेच फसतात. त्या काळातल्या सामान्य डच माणसाला पिढ्यानपिढ्या चालणारं आडनाव नसायचं. स्वतःचं नाव, पुढे बापाचं नाव, संपला विषय. यानचा मुलगा असेल तर यान्सन किंवा यान्झ, मुलगी असेल तर यान्स. पुढच्या पिढीत हे नाव बदलणार, कारण बाप बदलला. याला पॅट्रोनिमिक म्हणतात.

आपल्याला हे समजायला खरं तर सोपं जायला हवं. गणपत रामचंद्र पावसकर घ्या. यातलं पावसकर पुसून टाका. मग मुलगा झाला विठ्ठल गणपत, नातू झाला सदाशिव विठ्ठल. आता चौथ्या पिढीत एक भाऊ मुंबईला गेला आणि साहेबाने विचारलं म्हणून पावसकर झाला, दुसरा धंद्यावरून सुतार झाला, तिसरा आजोबाचं नावच आडनाव म्हणून लावून बसला. शंभर वर्षांनी या तिघांचे पणतू एकमेकांना ओळखतील का? न्यू नेदरलँडमध्ये नेमकं हेच झालं, इंग्रज आल्यावर हळूहळू आडनावं पक्की झाली आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी पडली.

'व्हॅन' म्हणजे नुसतं 'च्या गावचा', त्यात खानदानी वगैरे काही नाही. व्हँडरबिल्ट हे अमेरिकेतलं अतिश्रीमंत घराणं, त्यांचा मूळपुरुष यान आर्टसन हा डे बिल्ट गावचा, आणि आला तो १६५० च्या सुमाराला करारावर राबणारा नोकर म्हणून. व्हॅन ब्युरेन यांचा पूर्वज कॉर्नेलिस मासन १६३१ मध्ये आला, ब्युरेन गावाजवळच्या ब्यूरमाल्सनचा. आणि रूझवेल्ट? दोन राष्ट्राध्यक्ष दिलेलं घराणं, किती पैसे आणि किती अभ्यासक मागे लागले असतील विचार करा, पण पहिला क्लास मार्टेन्सन व्हॅन रोसेनवेल्ट हॉलंडमधल्या नेमक्या कुठल्या गावातून आला याचा पक्का पुरावा अजूनही नाही. झीलंड प्रांतातल्या थोलेन बेटाचा असावा असं मानतात, एवढंच. 'रूझवेल्ट' हे स्पेलिंग तर त्याच्या मुलापासून सुरू झालं.

मग शोधायचं काय?

आजूबाजूची माणसं. माझं तर म्हणणं आहे की या विषयात नाव हे सगळ्यात कमी भरवशाचं आणि शेजारपाजार सगळ्यात जास्त भरवशाचा. न्यू ॲमस्टरडॅममध्ये एकाच वेळी चार यान यान्सन असू शकतात, पण ज्याची बायको ग्रीटये आहे, साळा जहाजावर सुतार आहे आणि ज्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला अमुक बाई साक्षीदार उभी राहिली, तो यान एकच असतो.

त्यासाठी सगळ्यात मोठा खजिना म्हणजे तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वह्या. १६३९ पासूनची लग्नं आणि बाप्तिस्मे त्यात आहेत, त्याआधीच्या वह्या गेल्या. प्रत्येक बाप्तिस्म्यात साक्षीदारांची नावं लिहिलेली, आणि हे साक्षीदार बहुतेक वेळा आजी, मामा, काका, आत्या, नाहीतर एकाच गावाहून आलेले लोक. शिवाय मुलांची नावं ठेवायची रीत ठरलेली होती, पहिले दोन मुलगे दोन्ही आजोबांच्या नावाचे, पहिल्या दोन मुली दोन्ही आज्यांच्या. म्हणजे नातवंडांची नावं बघून आजोबांचा अंदाज बांधता येतो. फक्त सावध राहायचं, कारण एखादं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव परत द्यायचे, आणि मग वंशावळीच्या झाडात एकच माणूस दोनदा जन्मतो.

अजून एक सोय अशी की डच बाई लग्नानंतरही स्वतःचंच नाव लावायची. इंग्रजी कागदांत बायको नवऱ्याच्या आडनावाखाली गायब होते तशी इथे होत नाही. हे मला फार आवडतं, कारण हॉलंड सोसायटी नावाची १८८५ मध्ये निघालेली जी वंशजांची मानाची संस्था आहे तिचा मूळ नियम असा होता की १६७५ च्या आधी तिथे राहणाऱ्या माणसापासून थेट बापाकडूनच वंश दाखवायचा. बाया कागदांवर ठळक दिसतात आणि संस्थेने त्यांना बाजूला सारलं, अशी गंमत.

जहाजांच्या याद्या? फार थोड्या आहेत. १६५७ ते १६६४ मधल्या ज्या आहेत त्या कंपनीच्या हिशेबाच्या वहीतून निघाल्यात, कोणाकडे भाड्याचे किती पैसे येणं आहे ते लिहिताना माणसांची नावं राहून गेली. म्हणजे ज्याने तिकिटाचे पैसे आधीच रोख भरले त्याचं नाव इतिहासात नाही आणि उधारीवाला अमर!

एक केस नीट बघू: ॲनेके यान्स

ॲनेके म्हणजे या सगळ्या प्रकाराचं एकाच बाईत सापडणारं उदाहरण. ॲमस्टरडॅममध्ये लग्नाआधी नाव नोंदवावं लागायचं, आणि त्या वहीत मूळ गाव लिहायचे. १६२३ ची नोंद आहे, नवरा रूलोफ यान्झ हा मार्स्ट्रँडचा, म्हणजे तेव्हाच्या नॉर्वेतला (आता ते स्वीडनमध्ये आहे), आणि ॲनेके फ्लेकरॉय बेटावरची, तेही नॉर्वे. त्यांच्या मुलींचे बाप्तिस्मे लुथरन चर्चमध्ये सापडतात. नुसत्या रिफॉर्म्ड चर्चच्या वह्या चाळणाऱ्याला ते कधीच मिळाले नसते.

१६३० मध्ये हे कुटुंब अमेरिकेला आलं, कीलियान व्हॅन रेन्सेलर नावाच्या ॲमस्टरडॅमच्या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या जहागिरीवर शेती करायला, आजच्या ऑल्बनीजवळ. हा व्यापारी स्वतः कधी तिकडे गेला नाही, पण पत्रं मात्र ढीगभर लिहायचा, आणि ती टिकली. एका पत्रात तो कुरकुर करतोय की रूलोफने माझ्या खात्यावर वाटेल तसं सामान उचललंय, त्याची बायको, तिची आई आणि बहीण हे सगळं लोकांना वाटत असणार. मालकाची चिडचिड, पण वंशावळवाल्यांना काय मिळालं? ॲनेकेची आई आणि बहीण पण सोबत होत्या याचा पुरावा! आई ट्रिन योनस पुढे कंपनीची सुईण होती.

मग हे लोक मॅनहॅटनला आले, १६३६ मध्ये रूलोफला हडसनकाठी ६२ एकर जमीन मिळाली, आणि लगेच तो वारला. १६३८ मध्ये ॲनेकेने गावचा पाद्री एव्हरार्डस बोगार्डस याच्याशी लग्न केलं. त्याच वर्षीचा कोर्टाचा कागद आहे, ग्रीटये रेनियर्स नावाच्या बाईने उठवलं की पाद्रीणबाईने रस्त्यात परकर वर करून पाय दाखवले. साक्षी झाल्या, आणि साक्षीदारांनी सांगितलं की लोहाराच्या दुकानापाशी चिखल होता म्हणून तिने परकर जरा उचलला, बास. आता या ग्रीटयेचा नवरा कोण, तर अँथनी यान्सन व्हॅन साली, मोरोक्कोहून आलेला, हॉलंडमधून जाऊन समुद्री चाचा आणि मुसलमान झालेल्या यान यान्सन नावाच्या माणसाचा मुलगा असं मानलं जातं. दोघांना पुढच्या वर्षी गावातून हाकललं, ते लाँग आयलंडला गेले, आणि व्हँडरबिल्ट घराण्याच्या झाडात हे दोघेही येतात. म्हणून मी म्हणतो की जन्म-मृत्यूच्या तारखांपेक्षा भांडणांचे कागद आधी वाचा, गावातल्या सगळ्यांची नावं एका फटक्यात कळतात.

बोगार्डस १६४७ मध्ये बुडाला. त्याचं आणि गव्हर्नर कीफ्टचं हाडवैर, दोघेही एकमेकांच्या तक्रारी घेऊन हॉलंडला निघाले होते, एकाच जहाजात, आणि ते वेल्सच्या किनाऱ्याजवळ फुटलं, दोघेही गेले. ॲनेके ऑल्बनीला परत गेली आणि १६६३ मध्ये तिथेच वारली. तिच्या मृत्युपत्रात दोन्ही लग्नांच्या मुलांची नावं आहेत, म्हणजे एका कागदात पुढची सगळी शाखा हातात. त्यातली सारा दुभाषी होती, हॅकेन्सॅक या तिथल्या मूळनिवासी लोकांचा प्रमुख ओरॅटम याच्यासाठी तिने काम केलं आणि त्याने तिला आजच्या न्यू जर्सीत मोठी जमीन दिली.

'मग त्या ६२ एकरांचं काय झालं? आज किती कोटी?'

हा प्रश्न येणारच, आणि हाच प्रश्न २०० वर्षं हजारो लोकांना पडला. वारसांनी १६७१ मध्ये ती जमीन इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली, पण कागदावर एका मुलाच्या वारसांची सही नव्हती. पुढे १७०५ मध्ये क्वीन ॲनच्या नावाने ती ट्रिनिटी चर्चला गेली. आज तिथे मॅनहॅटनचा ट्रायबेका वगैरे भाग आहे, म्हणजे किंमत विचारूच नका. वंशजांनी केसवर केस घातल्या, १८४७ मधला एक मोठा निकाल चर्चच्याच बाजूने लागला, आणि कारण साधं होतं: इतकी वर्षं कोणी उघडपणे जमीन ताब्यात ठेवली आणि तुम्ही मुदतीत दावा केला नाही तर नंतर तो टिकत नाही.

तरी लोक थांबले नाहीत, उलट कोणीतरी पुडी सोडली की ॲनेके ही ऑरेंजच्या विल्यमची, म्हणजे हॉलंडच्या राष्ट्रपित्याची गुपचूप नात होती आणि तिच्या नावाने हॉलंडमध्ये पण खजिना पडून आहे. मग 'वारसांच्या संघटना' निघाल्या, फी भरा, वंशावळ सिद्ध करा, हिस्सा घ्या. विसाव्या शतकापर्यंत लोक पैसे भरत होते. मिळालं कोणालाच काही नाही. पण त्या काळात बनलेल्या खोट्या वंशावळी अजून इंटरनेटवर फिरतायत, आणि नॉर्वेच्या बेटावरच्या सुईणीची मुलगी अजूनही राजकन्या म्हणून झाडांमध्ये बसलीये. तुमच्या मित्राच्या झाडात १६०० च्या आसपास अचानक राजघराणं उगवलं तर समजून जा.

'सगळे कागद हॉलंडमध्ये असतीलच की'

नाहीत ना! वेस्ट इंडिया कंपनीचं जुनं दप्तर १८२१ मध्ये डच सरकारने रद्दीत विकलं. १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा माणूस कागद शोधायला तिकडे पोचला तेव्हा त्याला हे कळलं, वीस वर्षं उशीर. अमेरिकेत राहिलेले कागद ऑल्बनीला होते, त्यांचं भाषांतर आधी व्हॅन डर केम्प नावाच्या गृहस्थांनी केलं, डोळे अधू झालेले, त्यामुळे ते चुकांनी भरलेलं निघालं. १९११ मध्ये ऑल्बनीच्या लायब्ररीला आग लागली, त्यात ती भाषांतरं जळली, आणि मूळ डच कागद बरेचसे वाचले, कारण ते खालच्या फळ्यांवर ठेवले होते आणि वरचे इंग्रजी गठ्ठे त्यांच्यावर पडले. १९७४ पासून चार्ल्स गेरिंग यांनी सुमारे १२,००० पानांचं नव्याने भाषांतर सुरू केलं, आणि ते खंड आता कोणालाही वाचता येतात.

हॉलंडमध्ये मात्र ॲमस्टरडॅमचं शहर दप्तर शाबूत आहे, लग्नाच्या वह्या आणि नोटरींचे कागद, तब्बल साडेतीन किलोमीटर फळ्या. २०१६ पासून सर्वसामान्य स्वयंसेवक ते वाचून इंडेक्स करतायत, आता कॉम्प्युटर पण ते हस्ताक्षर वाचायला लागलाय, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी ज्याला आयुष्य गेलं असतं ते काम घरबसल्या सुरू करता येतं.

तारखांचं पण बघा. हॉलंड प्रांत १५८३ पासून नवीन कॅलेंडरवर होता, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावर. त्यामुळे १६६४ नंतरच्या कागदांत दहा दिवसांचा फरक पडतो (१७०० नंतर अकरा), आणि इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे जानेवारीतलं मूल मागच्या वर्षात जन्मलेलं दिसतं. मूल आईबापाच्या लग्नाआधी झालं असं दिसलं तर आधी कॅलेंडर तपासा.

'एवढं कशाला, डीएनए टेस्ट करून टाकू'

टेस्टने जवळचे चुलत-मावस भाऊ सापडतात, ४०० वर्षांपूर्वीचा पूर्वज नाही. बारा पिढ्या मागे गेलात की कागदावर ४०९६ पूर्वज होतात, आणि दर पिढीला वाटा सरासरी निम्मा होत जातो, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणांकडून तुमच्यात काहीच आलेलं नसतं. ॲनेके तुमची खरीखुरी पूर्वज असूनही टेस्टमध्ये तिचा मागमूस नसेल. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमची टेस्ट मात्र कामाची आहे, दोन वेगळ्या आडनावांची घराणी एकाच मूळपुरुषाची आहेत का हे त्यातून कळू शकतं, आणि भावांची आडनावं फुटलेल्या या समाजात तो प्रश्न सतत येतो.

सगळे आपल्या मर्जीने आले नव्हते

वसाहतवाल्यांच्या गप्पांत हे सोयीस्कर विसरतात. १६२० च्या दशकातच कंपनीने आफ्रिकन गुलाम आणले. पाउलो द अंगोला, अँथनी पोर्तुगीस अशी नावं कागदांत आहेत, म्हणजे पकडून आणलं कुठून किंवा कोणाच्या जहाजातून, तेच नाव झालं. १६४४ मध्ये अकरा जणांनी अर्ज केला आणि त्यांना 'अर्धं स्वातंत्र्य' मिळालं, स्वतःची जमीन, पण दरवर्षी कंपनीला धान्य आणि एक डुक्कर द्यायचं, आणि मुलं मात्र कंपनीच्या मालकीची. यांच्या मुलांचे बाप्तिस्मेही त्याच चर्चच्या वह्यांत आहेत, साक्षीदारांसकट, त्यामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांना १६४० पर्यंत मागे जाता येतं. 'आमचे पूर्वज पहिले' म्हणणाऱ्यांच्या शेजारच्याच ओळीत हे लोक आहेत.

शेवटचं, ऑनलाइन झाडांचं

फॅमिलीसर्च ही वेबसाइट फुकट आहे, डच बाजूला ओपन आर्काइव्ह्ज आणि वीवासवी आहेत, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण दुसऱ्याने बनवलेलं झाड कॉपी करू नका, एआयला विचाराल तर तो पण तीच झाडं वाचून बोलणार आणि राजकन्या परत आणणार. स्वतःपासून मागे जायचं, एकेक पिढी, आणि प्रत्येक सांध्याला 'हा याचाच मुलगा' असं सांगणारा कागद हवा, नाहीतर तिथेच थांबायचं. १७५० ते १८२० चा पट्टा सगळ्यात अवघड जातो, लोक पश्चिमेकडे पांगले, आणि १८५० च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त घरातल्या कर्त्याचंच नाव असायचं. गंमत म्हणजे त्यामानाने १६५० सोपं, एकदा का डच चर्चच्या वहीपर्यंत पोचलात की कोण कोणाचा जावई आणि कोणी कोणाचे किती बीव्हर (त्या प्राण्याची कातडी, जी तिथे पैशासारखी चालायची) बुडवले हे सगळं लिहिलेलं सापडतं.